शिशाच्या मुठीतला चंद्र

घरातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीमागची बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नाही. चष्मा लावून वाचलीच, तर शेवटच्या दोन-तीन ओळींत ‘सोडियम सेलेनाइट’ हे नाव पुष्कळदा सापडते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत. शरीराला लागणारे सेलेनियम पुरवण्याचा हा जुना आणि स्वस्त मार्ग. आता या क्षारातले सोडियम काढून त्या जागी शिसे बसले आहे अशी कल्पना करा. जे तयार होईल ते औषध राहणार नाही. ते एक खनिज असेल, आणि तेही इतके दुर्मीळ की भूगर्भशास्त्र शिकलेल्यांपैकीही बहुतेकांनी ते कधी हातात घेतलेले नसते. या खनिजाचे नाव मॉलिब्डोमेनाइट. रसायनशास्त्राच्या भाषेत लेड सेलेनाइट.

ज्याचा दागिना होत नाही, ज्याची खाण चालत नाही आणि ज्याला बाजारभाव नाही, अशा खनिजावर आरोग्याच्या सदरात का लिहायचे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण सेलेनियम हे असे मूलद्रव्य आहे की ते किती आहे याइतकेच ते कोणत्या रूपात आहे यावर त्याचे चांगले-वाईट ठरते. हा धडा या पांढऱ्या खवल्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी शिकवतो. शेगाव तालुक्यातल्या केसगळतीनंतर सेलेनियम हा शब्द महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचला आहे. तिकडे येऊच, पण आधी दगडाकडे पाहू.

सुरुवात नावापासून, कारण नावातच तीन गोंधळ आहेत. ग्रीक भाषेत ‘मॉलिब्डोस’ म्हणजे शिसे आणि ‘मेने’ म्हणजे चंद्र. खनिजात शिसे आहे आणि सेलेनियम आहे. सेलेनियमचे नाव ‘सेलेने’ या चंद्रदेवतेवरून आलेले, म्हणून चंद्र. मॉलिब्डेनम या धातूचा मात्र त्यात कणही नाही. जुन्या युरोपात काळपट, मऊ, कागदावर रेघ उमटवणारे जे जे खनिज दिसे त्याला शिशाचेच नाव मिळे. गॅलेना, ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइट ही तीन वेगळी खनिजे बराच काळ एकाच नावाखाली नांदली. १७७८ मध्ये शेले या स्वीडिश रसायनज्ञाने मॉलिब्डेनाइटमध्ये नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले, पण शिशाचे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. आपण हसू नये. ज्या लेखणीत शिशाचा अंशही नसतो तिला आपणही अजून शिसपेन्सिल म्हणतो.

दुसरा गोंधळ अधिक ताजा. मॉलमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत ‘सेलेनाइट’ नावाचे दुधी, रेशमी चमकीचे दांडे आणि दिवे विकायला असतात. घरात ठेवले की सकारात्मक ऊर्जा येते, असे विक्रेते सांगतात. तो जिप्समचा एक सुंदर प्रकार आहे. त्यात सेलेनियम अजिबात नसते. चंद्रासारख्या शीतल चमकीमुळे त्याला हे नाव मिळाले, तेही सेलेनियमचा शोध लागण्याच्या फार आधी. रसायनशास्त्रातले सेलेनाइट वेगळे. एक सेलेनियम आणि तीन ऑक्सिजन यांचा तो ऋणभारित गट. या लेखात सेलेनाइट म्हणजे हा दुसरा.

तिसरा गोंधळ सेलेनियमच्या जन्मकथेतला. १८१७ मध्ये स्वीडनमधल्या ग्रिप्सहोल्म येथे सल्फ्युरिक आम्लाचा एक कारखाना होता आणि बर्झेलियस या नामवंत रसायनज्ञाची त्यात भागीदारी होती. फालुनच्या तांब्याच्या खाणीतला पायराइट जाळून तिथे आम्ल बनवत. त्या काळी हे आम्ल शिशाचे पत्रे लावलेल्या मोठ्या खोल्यांत तयार होई, आणि या खोल्यांच्या तळाशी तांबूस गाळ साचे. जाळला की त्याचा सडक्या मुळ्यासारखा वास येई. बर्झेलियस यांना आधी वाटले, हे टेलुरियम. टेलुरियमचे नाव लॅटिनमधल्या पृथ्वीवरून ठेवलेले. पुढे तपासणीत ते नवेच मूलद्रव्य निघाले, तेव्हा पृथ्वीच्या या सोबत्याला त्यांनी चंद्राचे नाव दिले. म्हणजे सेलेनियम माणसाला प्रथम भेटले तेच शिशाच्या खोलीत.

आता खनिज. अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी मेंदोसा प्रांत आहे. द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि वाइनसाठी प्रसिद्ध. तिथल्या काचेउता नावाच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण शीर सापडली. साधारणपणे शिसे, तांबे, चांदी हे धातू जमिनीत गंधकाशी जोडलेले असतात. इथे गंधकाची जागा सेलेनियमने घेतली होती. त्या शिरेचा जमिनीजवळचा, हवापाण्याने कुजलेला भाग म्हणजे खनिजशास्त्रज्ञांना मेजवानीच. तांबे असलेल्या ठिकाणी झगझगीत निळे स्फटिक: चाल्कोमेनाइट, तांब्याचे सेलेनाइट, १८८१ मध्ये वर्णिलेले. कोबाल्ट असलेल्या ठिकाणी गुलाबी छटेचे कोबाल्टोमेनाइट. आणि शिसे असलेल्या ठिकाणी पांढरे, पातळ खवले. कोबाल्टोमेनाइट आणि हे पांढरे खवले यांचे वर्णन फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ एमिल बर्त्राँ यांनी १८८२ मध्ये केले आणि त्या पांढऱ्या खनिजाला मॉलिब्डोमेनाइट म्हटले. ज्यांनी महाविद्यालयात ध्रुवीभवन सूक्ष्मदर्शक वापरला आहे त्यांना ‘बर्ट्रांड लेन्स’ आठवेल. तेच हे बर्त्राँ.

हे खवले दिसायला साधे: रंगहीन, पांढरे, कधी पिवळट, कधी हिरवट झाक असलेले. एका दिशेत ते सहज आणि सपाट फुटतात, आणि फुटलेल्या पृष्ठभागावर मोत्यासारखी चमक येते. कठिनता मोहसच्या मापावर साधारण साडेतीन, म्हणजे नखाने ओरखडा उठत नाही, चाकूच्या टोकाने सहज उठतो. स्फटिकांची घडण एकनताक्ष समूहातली. इथवर त्यात नवल काही नाही. अशी पांढरी खनिजे ढिगाने आहेत. फरक वजनात आहे. गारगोटी पाण्याच्या पावणेतीन पटींहून थोडी कमी जड असते, हे खनिज मात्र सुमारे सात पट. अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा दिसणारा खवला लोखंडाच्या जवळपास घनतेचा असतो. कारण सरळ आहे: वजनाने पाहिले तर त्यातला ६२ टक्के भाग शिसे, जवळजवळ २४ टक्के सेलेनियम आणि उरलेला ऑक्सिजन.

त्याच्या आतली रचना कळली की वरचे बरेच गुण आपोआप उलगडतात. सेलेनाइट गट हा तिपाईसारखा असतो. तीन पायांना तीन ऑक्सिजन, वर सेलेनियम, आणि सेलेनियमच्या डोक्यावर कोणाशीही न जोडलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. ही जोडी जागा अडवते, पण हात देत नाही. शिशाच्या अणूकडेही अशीच एक निरुपयोगी वाटणारी जोडी असते. त्यामुळे दोघेही एका बाजूने घट्ट बांधले जातात आणि दुसऱ्या बाजूने सैल राहतात. स्फटिकात थर तयार होतात. थराच्या आत पकड मजबूत, दोन थरांमध्ये कमजोर. खनिज त्या कमजोर जागी फुटते, म्हणून ते सपाट खवले आणि ती मोत्याची चमक.

जुने खनिजशास्त्रज्ञ ते ओळखायचे ते नाकाने. कोळशाच्या तुकड्यावर चिमूटभर भुकटी ठेवायची आणि फुंकनळीने ज्योत तिच्यावर वळवायची. मुळ्याचा तो उग्र वास आला की सेलेनियम, आणि कोळशावर धातूचा मऊ मणी उरला की शिसे. पद्धत हुशारीची होती, पण ज्या धुरात शिसे आणि सेलेनियम दोन्ही आहेत तो हुंगणाऱ्या पिढीच्या तब्येतीचा विचार आज केल्याशिवाय राहवत नाही. आता हे काम क्ष-किरण करतात. संग्राहकांनीही हे खनिज भुकटी न करता, डबीत, नाव लिहून ठेवावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत. पाण्यात ते फारसे विरघळत नसले तरी पोटातल्या आम्लात शिशाचे क्षार विरघळतात.

ते इतके दुर्मीळ का, हा प्रश्न गुणधर्मांपेक्षा अधिक रंगतदार आहे. पृथ्वीच्या कवचात सेलेनियम साधारण चांदीइतकेच विरळ आहे. पण चांदीला स्वतःच्या खाणी आहेत, सेलेनियमला जवळपास नाहीत. आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते आणि वागतेही गंधकासारखे. त्यामुळे ते गंधकाच्या खनिजांत, हजार-लाख अणूंमागे एखादा, असे लपून राहते. आज जगाला मिळणारे बहुतेक सेलेनियम तांबे शुद्ध करताना टाकीच्या तळाशी बसणाऱ्या गाळातून येते. बर्झेलियस यांच्या गाळापासून दोनशे वर्षांत आपण या बाबतीत फार दूर आलेलो नाही.

स्वतंत्र सेलेनियम खनिज बनायला आधी गंधक कमी असलेले गरम, खनिजयुक्त पाणी खडकांतून वाहायला हवे. मग सेलेनियम शिशाशी जोडून क्लॉस्थालाइट हे करडे, गॅलेनासारखे दिसणारे खनिज बनवते. जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या क्लॉस्थालवरून त्याचे नाव. ही पहिली अट पूर्ण झाली तरी पुरत नाही. क्लॉस्थालाइटची शीर जमिनीजवळ यायला हवी, हवेतला ऑक्सिजन आणि झिरपणारे पाणी तिच्यापर्यंत पोहोचायला हवे, आणि तरी त्या पाण्यात गंधक फार असता कामा नये. असले तर शिसे सल्फेटशी जोडून अँग्लेसाइट बनते आणि सेलेनियम एकटे पडून वाहून जाते. पाऊसही बेताचा हवा. मेंदोसाचा डोंगर कोरडा आहे. कोकणासारख्या पावसात असे खवले कितपत टिकले असते याची शंकाच आहे. इतक्या अटी एकाच जागी जुळणे विरळा. म्हणून काचेउतानंतर या खनिजाची नोंद झालेली ठिकाणे मोजकीच: बोलिव्हियातल्या पाकाहाके आणि एल ड्रॅगॉनच्या सेलेनियम शिरा, जर्मनीतल्या हार्झची काही ठिकाणे, इटलीच्या सार्डिनिया बेटावरची बाकू लोची खाण. बहुतेक ठिकाणी तेही डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके.

लेड सेलेनाइटचे आणखी काही नातलग आहेत. त्याच सार्डिनियाच्या खाणीतून १९९९ मध्ये क्लोरीनही असलेले ऑर्लांडिआइट नोंदले गेले. काँगोतल्या कोलवेझीजवळच्या मुसोनोई खाणीतले गडद हिरवे डेमेस्माकेराइट तर शिसे, तांबे, युरेनियम आणि सेलेनियम या चौघांना एकत्र बांधते. १९६५ मध्ये त्याचे वर्णन झाले. आज तोच परिसर मोबाइलच्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट पुरवतो. नावे जड आहेत, ती लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: सेलेनियम ऑक्सिजनशी जोडले जाऊन फिरू लागले, आणि एखाद्या जड धातूने त्याला वाटेत धरले.

आरोग्याशी संबंध येतो तो इथून. हवा-पाण्यात सेलेनियमची दोन रूपे महत्त्वाची. तीन ऑक्सिजनचे सेलेनाइट आणि चार ऑक्सिजनचे सेलेनेट. फरक एका ऑक्सिजनचा, पण स्वभाव अगदी वेगळा. सेलेनाइट चिकट. शिसे मिळाले तर त्याच्याशी न विरघळणारे खनिज बनवते. आणि शिसे सगळीकडे कुठे मिळणार, म्हणून साध्या मातीत हे काम लोहाची ऑक्साइडे, म्हणजे मातीला तांबडा रंग देणारा गंज, करतात. चिकणमातीही हातभार लावते. सेलेनेट मात्र कोणाला फारसे चिकटत नाही. ते पाण्यासोबत वाहते, विहिरीत उतरते, आणि पिकाच्या मुळांना ते सल्फेटसारखेच वाटल्याने गंधकासाठी ठेवलेल्या दारातूनच आत जाते. माती आम्लधर्मी आणि ओलसर असेल तर सेलेनाइटचे पारडे जड. माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी, हवा खेळती आणि वर सिंचनाचे पाणी, की सेलेनेटचे. एखाद्या जमिनीत सेलेनियम किती, एवढाच आकडा पाहणारा अहवाल म्हणूनच अर्धा असतो.

चीनमध्ये हे दोन टोकांनी दिसले. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखे गळू लागली. त्वचेवर चट्टे आले, काहींना मज्जासंस्थेचा त्रास झाला. मूळ होते सेलेनियमने भरलेल्या दगडी कोळशात. तो कोळसा कुजून माती झालेली, त्याची राख शेतात खत म्हणून टाकलेली, आणि प्रथेप्रमाणे चुनाही टाकलेला. चुन्याने माती अल्कधर्मी झाली आणि जे सेलेनियम मातीला धरून बसले असते ते पिकात चढले. त्यातच दुष्काळाने भात गेला, लोक मका आणि शेतातल्या भाज्या यांवर राहिले. याच देशात ईशान्येकडच्या केशान तालुक्यात १९३५ पासून नेमका उलटा आजार नोंदलेला होता. तिथली माती सेलेनियमला पारखी, आणि लहान मुले व बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रिया हृदयाच्या स्नायूंच्या विकाराने दगावत. १९७० च्या दशकात चीनमध्ये मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. मेंदोसाच्या खवल्यातला तोच सेलेनाइट गट. सोडियमबरोबर, मोजून दिला तर तो जीव वाचवतो.

‘मोजून’ हा शब्द इथे कळीचा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० ते ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. पेशींना झिजेपासून वाचवणारी काही विकरे आणि थायरॉइडची गाडी त्यावर चालते. वरची मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम मानली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५५ पर्यंत खाली आणली, आणि त्यासाठी त्यांनी धोक्याची पहिली खूण धरली ती केस गळण्याची. गरज आणि बाधा यांच्यात इतके कमी अंतर असलेली पोषकद्रव्ये थोडीच. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात चुकून सांगितलेल्या मात्रेच्या दोनशे पट सेलेनियम गेले, आणि दहा राज्यांतल्या दोनशे जणांना केसगळती, नखांचे विकार, जुलाब, सांधेदुखी सुरू झाली. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून तीन-तीन बाटल्यांतून एकच मूलद्रव्य पोटात ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

भारतात सेलेनियमचा पट्टा आहे तो पंजाबात. शहीद भगतसिंग नगर, म्हणजे जुने नवांशहर, आणि होशियारपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या पावसाळी ओढ्यांनी सेलेनियमयुक्त गाळ आणून पसरला आहे. माती अल्कधर्मी, सिंचन भरपूर. सेलेनेटला हवे ते सगळे. तिथल्या जनावरांची खुरे गळतात, शिंगे सैल होतात, केस झडतात, हे १९८० च्या दशकापासून नोंदलेले आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. त्यांचा एक उपाय साधा आहे: शेतात जिप्सम टाका. जिप्सममधले सल्फेट मुळाच्या त्या सामाईक दाराशी गर्दी करते आणि सेलेनेटला आत जायला जागा कमी मिळते. मॉलमध्ये सेलेनाइट म्हणून विकला जातो तोच हा पदार्थ. त्याचा खरा उपयोग दिवाणखान्यात नाही, शेतात आहे.

आता शेगाव. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुली, तरुण, म्हातारी माणसे, सगळेच. अडीचशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मुलींनी लाजेने शाळा सोडून घरी बसणे, ठरलेली लग्ने अडणे, अशा बातम्या आल्या. आधी संशय शाम्पूवर, मग बुरशीवर, मग पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन नमुने तपासून घेतले आणि बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या मते पंजाबकडून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम बरेच जास्त होते, आणि रुग्णांच्या शरीरात झिंक कमी.

या निष्कर्षाला गंभीरपणे घेण्याचे कारण वर सांगितलेल्या रसायनात आहे. बुलडाण्याच्या मातीत शोधत बसण्यापेक्षा धान्य कोणत्या मातीत उगवले हे पाहणे त्याला धरून आहे. सेलेनेट मुळातून दाण्यात जाते, दाण्यात ते प्रथिनांमध्ये गुंफले जाते, आणि मग गहू धुऊन घेतला तरी निघत नाही. धुळीतले विष धुता येते, दाण्याच्या घडणीतले नाही. एरवी सरकारी खरेदीत अनेक जिल्ह्यांचा गहू एकत्र होतो आणि एखाद्या गावाचा दोष त्यात विरून जातो. पण एकाच पट्ट्यातला माल सरळ एका तालुक्यात उतरला आणि घरातली पोळी तीन वेळा त्याच गव्हाची असली, तर विरघळायला जागाच उरत नाही. जो दुकानातून वेगवेगळा आटा आणतो त्याच्यावर ही वेळ सहसा येणार नाही. ती रेशनवर जगणाऱ्यावरच येते.

त्यामुळे या सदराचे म्हणणे असे. पंजाबातले सेलेनियमचे पट्टे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहेत, गावांच्या नावांसह. त्या गावांतल्या गव्हाचा नमुना खरेदीच्या वेळी तपासणे हे लाखो पोती तपासण्यासारखे अवघड काम नाही. जास्त सेलेनियमचा माल बाजूला काढून इतरांत योग्य प्रमाणात मिसळता येतो. फेकावा लागत नाही, कारण देशाच्या दुसऱ्या भागांत सेलेनियम कमीच पडते. कोणत्या खरेदी केंद्राचा गहू कोणत्या तालुक्यात गेला याची नोंद आरोग्य खात्याला मागताक्षणी मिळायला हवी. केसगळतीच्या पहिल्या आठवड्यात ती हाताशी असती तर शाम्पूच्या बाटल्या जमा करण्यात दिवस गेले नसते. आणि त्या गावांतल्या शेतकऱ्यांना जिप्सम देणे हा खर्च त्यांच्यावरचा उपकार मानला जाऊ नये. त्यांच्या गुरांची खुरे आधी गळली आहेत.

पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी एकूण सेलेनियमच्या आकड्याबरोबर माती आम्लधर्मी की अल्कधर्मी, आणि सेलेनियम सेलेनाइट आहे की सेलेनेट, हेही लिहावे. पहिली चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतही होते. दुसरीला उपकरणे लागतात, पण ती देशात आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ, मृदाशास्त्रज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ एरवी एका टेबलाशी बसत नाहीत. शेगावसारख्या प्रसंगी त्यांना बसवण्याचे काम जिल्हाधिकारी करू शकतात.

घरोघरी काय करायचे? एकाच घरातल्या अनेकांचे केस एकदम गळू लागले, त्याबरोबर नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या किंवा ती ठिसूळ झाली, श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला, तर डॉक्टरांना धान्य कुठून येते ते आपणहून सांगा आणि त्या धान्यातले वाटीभर बाजूला काढून, कोरड्या डब्यात ठेवा. संपले तर तपासायला काही उरत नाही. आणि मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीमागची ती शेवटची ओळ एकदा वाचून घ्या.